एका लायसनवरची दोन घरं

कॅराव्हॅनचं पाणी उतरवायच्या दिवशी नॉर्मा येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. गेनॉरलासुद्धा नाही, आणि आईला हल शहराहून गाडीत घालून आणलं होतं ते गेनॉरनंच.

आली खरी, पण गाडीतून उतरेना. पट्टा तसाच लावलेला. मांडीवर चहाचा थर्मास, थर्मासवर दोन्ही हात, तोंड समुद्राकडं.

"आई, बाहेर वारा आहे, पण इतका पण नाही."

"मी पाण्याच्या कामाला आलेय. पाणी सुरू झालं की हाक मार."

"म्हणजे बाबाशी बोलणार नाहीस."

"पाण्यात बोलायचं काय असतं? त्यानं खाली झोपायचं, मी वर नळ धरायचा. इतकी वर्षं तेच करतोय."

तेही खरंच होतं. चाकं नावाला असलेलं ते पत्र्याचं घर नॉर्मानं, ती कामाला होती ती बेकरी बंद पडली तेव्हा हातात आलेल्या पैशातून घेतलं, आणि तिच्या नवऱ्यानं, क्लिफर्डनं निवडलं. जन्मभर कॅराव्हॅनच्या कारखान्यात खिडक्या बसवल्या त्यानं, त्यामुळं निवडताना त्यानं फक्त खिडक्या बघितल्या आणि छत गळकं निघालं. त्यावरून पुढं कित्येक वर्षं भांडण पुरलं. तेव्हा कॅराव्हॅन कड्यापासून लांब होती. आता समुद्र दर वर्षी कड्याचा घास घेतो आणि साइटवाला दर दोन-चार वर्षांनी सगळ्यांना एकेक रांग मागं ओढतो. थंडी आली की नळांत पाणी गोठून पाइप फुटतात, म्हणून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सगळं पाणी उतरवायचं, गाद्या उभ्या करायच्या, किल्ली साइटवाल्याला द्यायची. मग फाटकाला साखळी. मार्चपर्यंत तिथं कुणाला राहू देत नाहीत.

आणि त्यातच सगळी गोची होती. क्लिफर्ड गुड फ्रायडेपासून तिथंच राहत होता.

गुड फ्रायडेला शहरातले दोन्ही रग्बी संघ एकमेकांशी खेळतात. नदीच्या पूर्वेचे आणि नदीच्या पश्चिमेचे. नॉर्मा पूर्वेची, क्लिफर्ड पश्चिमेचा. त्या काळी तिच्या बापानं लग्नाला यायलासुद्धा पूल ओलांडताना कुरकुर केली होती. तर ह्या वर्षी नॉर्मानं ओव्हनमध्ये मासे ठेवले, क्लिफर्डला म्हणाली, बघ जरा, मी शेजारी जाऊन येते. ती आली तेव्हा घरभर धूर आणि क्लिफर्ड टीव्हीसमोर. तिनं काही न बोलता प्लग ओढला. मॅचची दोन मिनिटं राहिली होती. तोही काही न बोलता उठला, बस पकडली, आणि उरलेली दोन मिनिटं बघायला अठरा मैलांवरच्या कॅराव्हॅनवर गेला.

सात महिने झाले. त्याची दोन मिनिटं काही संपली नव्हती.

आता उद्यापरवा साखळी लागणार. म्हातारा जाणार कुठं? तो स्वतःहून घरी येतो म्हणणार नाही, आणि तो म्हणत नाही तोवर नॉर्मा ये म्हणणार नाही. गेनॉर शाळेच्या बसवर ड्रायव्हर होती, चाळीस पोरांना एका ओरडण्यात गप्प करायची, पण ह्या दोघांपुढं तिचं काही चालायचं नाही. आज काहीतरी करून दोघांना एका गाडीत घालून घरी न्यायचं, एवढंच ठरवून ती आली होती. मागच्या सीटवरचा पसारा काढून तिनं जागासुद्धा केली होती.

कॅराव्हॅनमध्ये आधीच दोन माणसं येऊन बसली होती. एक तिचा भाऊ नील. घरांना मागच्या बाजूला काचेच्या खोल्या लावून देणं हा त्याचा धंदा, आणि जगातला कुठलाही प्रश्न सुटत नाही म्हणजे कुणी नीट माहिती काढलेली नाही, हा त्याचा विश्वास. दुसरी बेरिल आत्या, क्लिफर्डची मोठी बहीण. एक्क्याऐंशीची. कोट न काढता, पर्स पोटाशी धरून, खिडकीतून नॉर्माकडं बघत.

"ती गाडीतच बसणार आहे का?"

"पाणी सुरू झालं की येईल."

"राणीसाहेब," बेरिल म्हणाली.

क्लिफर्ड पाना घेऊन कॅराव्हॅनखाली शिरला. गेनॉरनं दारातून हाक मारली, तशी नॉर्मा आली, कुणाकडं न बघता सिंकपाशी जाऊन उभी राहिली. खालून फरशीवर ठोक-ठोक, दोनदा. तिनं गरम पाण्याचा नळ सोडला. पाणी आलं, बारीक झालं, थांबलं. खालून तीनदा. तिनं बंद केला. मग न्हाणीतला. दोनदा ठोकलं की सोड, तीनदा ठोकलं की बंद कर. कधीकाळी समुद्राचा वारा इतका असायचा की हाक ऐकू यायची नाही, तेव्हा काढलेली ही युक्ती. एकदा पाइपातून हवेचा असा काही आवाज आला की नॉर्माचे ओठ हलले. पण हसली नाही. हसणं पाण्याच्या कामात येत नव्हतं.

गेनॉरकडं बाकांखालचे कप्पे रिकामे करायचं काम होतं. ओलाव्यानं वास मारणारी पांघरुणं, एक फुटका पतंग, आणि सगळ्यात खाली एक डबा. गेल्या नाताळात नीलनं बाबाला दिलेला टॅबलेट. वरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा फाडलेला नव्हता. नील समोरच बसला होता. बिचाऱ्याला वाईट वाटेल म्हणून तिनं तो डबा हळूच पांघरुणात गुंडाळला आणि पिशवीत घातला.

गरम पाणी उतरलं. गार पाणी जेवणानंतर. गेनॉर जवळच्या विदर्नसी गावातून पॅटी आणि चिप्स घेऊन आली. आमच्याकडची पॅटी म्हणजे कुसकरलेल्या बटाट्याची, पिठात बुडवून तळलेली, आणि वर तो लाल मसाला, जो हलच्या बाहेर कुणाला कळत नाही. पाच माणसं त्या एवढ्याशा टेबलाला. क्लिफर्ड एका टोकाला, नॉर्मा दुसऱ्या टोकाला. मीठ हवं असलं की नॉर्मा गेनॉरला म्हणायची, तुझ्या बाबाला म्हणावं मीठ. आणि क्लिफर्ड मीठ गेनॉरच्या हातात द्यायचा.

नीलनं तोंड पुसलं आणि खिशातून एक किल्ली काढली. किल्लीला निळी फीत बांधलेली होती. ती त्यानं बापाच्या कागदावर, चिप्सच्या शेजारी ठेवली.

"हे काय?" क्लिफर्ड म्हणाला.

"विदर्नसीत फ्लॅट. चिप्सच्या दुकानाच्या वर. एक खोली, गरम, मार्चपर्यंत तुझी. कुणाला काही विचारायला नको, कुणाच्या उपकारात राहायला नको."

गेनॉरचा घास तोंडातच राहिला. "नील, तू मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"मग नको म्हणते आता."

"चिप्सच्या दुकानाच्या वर?" बेरिल म्हणाली. "त्याच्या गंज्यांना तळणाचा वास येईल. क्लिफ, तू माझ्याकडं ये. मागची खोली रिकामीच आहे. मला तर टीव्ही बघायचं लायसनसुद्धा फुकट, बाकीच्यांना दर वर्षी पैसे भरावे लागतात. पंचाहत्तरी झाली की सरकार सोडून देतं, आणि घरात एक म्हातारं असलं की अख्ख्या घराला लागू. तू हवं तेवढं बघ."

"तेच तर," नील म्हणाला. "बाबाचं तेही काम केलंय मी. फ्लॅटला लायसन पण काढून टाकलं. वेगळं."

"वेगळं कशाला?" गेनॉर म्हणाली. "घरी आहे की एक."

हे नीलला विचारणं म्हणजे पाण्याचा नळ सोडण्यासारखंच होतं. तो पुढं सरकला. एका हाताला व्हिनेगरची बाटली, हे घर. दुसऱ्या हाताला मिठाची डबी, ही कॅराव्हॅन.

"लायसन माणसाला नसतं, घराला असतं. व्हिनेगरच्या घरात दहा टीव्ही लावा, वीस माणसं बसवा, लायसन एकच. कॅराव्हॅनला मात्र सूट आहे. अशी उभी कॅराव्हॅन असली तर घरचं लायसन तिला चालतं. पण एका अटीवर. दोन्हीकडं एकाच वेळी टीव्ही लावायचा नाही. इथं चालू तर तिथं बंद. तिथं चालू तर इथं बंद. लिहूनसुद्धा द्यावं लागतं तसं."

"ते दिलंय," क्लिफर्ड म्हणाला.

"पण फ्लॅट म्हणजे कॅराव्हॅन नव्हे. फ्लॅटला विटा आहेत. विटा आल्या की दुसरं घर, दुसरं घर की दुसरं लायसन. मिटलं."

"म्हणजे वेगळी चूल," बेरिल म्हणाली. तिनं हे बोलायला नको होतं.

नॉर्मानं काट्यानं एक चिप ह्या कडेची त्या कडेला नेली. मग क्लिफर्डकडं बघून, सात महिन्यांत पहिल्यांदाच समोरासमोर, गेनॉरला मध्ये न घेता, ती म्हणाली, "हे तू मागितलंस?"

"मी?" क्लिफर्ड म्हणाला. "मला वाटलं तुला ठाऊक असेल."

"मला कुठून ठाऊक असणार?"

"तूच नीलला सांगितलं असशील. कटकट मिटवून टाक म्हणून."

"बरं झालं," नॉर्मा उठली. "चांगलंच झालं. स्वतःचं लायसन. मग आता कुणी कुणाला कळवायला नको." थर्मास उचलला आणि गेली. दार वाऱ्यानं आपटलं. थोड्या वेळानं गाडीचं दारही.

"काय कळवायला नको?" बेरिल म्हणाली.

क्लिफर्ड किल्लीची फीत बोटाला गुंडाळत बसला होता.

"नील," तो म्हणाला. "त्या फ्लॅटमध्ये मी कधीही टीव्ही लावू शकतो?"

"कधीही. रात्रंदिवस."

"तुझी आई बघत असली तरी?"

"ती काहीही बघू दे. तुझा तिचा संबंध नाही."

म्हाताऱ्याचा चेहरा असा पडला की नीलला वाटलं पॅटीत काहीतरी लागलं.

"बाबा," गेनॉर म्हणाली, "आई काय कळवते तुला?"

"काही नाही. अट आहे ना, एका वेळी एकच. मग कळायला नको, तिकडं चालू आहे का बंद? ती फोन करते. दोन रिंगा दिल्या की तिनं लावला. तीन दिल्या की बंद केला, आता मी लावायचा. माझंही तसंच. उचलायचा नाही, नुसती रिंग."

गेनॉरनं फरशीकडं बघितलं. दोनदा सोड, तीनदा बंद कर.

"सात महिने?" बेरिल म्हणाली. "रोज?"

"इथं फोन लागत नाही नीट. बाहेर बादली पालथी घातलीय, तिच्यावर उभं राहिलं की लागतो."

"आणि आम्हाला वाटतंय तुम्ही एकमेकांचं तोंड बघत नाही."

"तोंड कुठं बघतोय? रिंग आहे ती." मग जरा थांबून, "मेपर्यंत रिंग होती. पुढं एकदा तिची मालिका चालू होती, तो गॅरेजवाला आहे ना, त्याला त्याच्या सावत्र भावानं ढकलला तिथवर मी घरी असताना बघितली होती. ती बघत असताना मला लावता येईना. म्हटलं मेला का वाचला ते तरी कळू दे. मग तिच्या तीन रिंगा आल्यावर मी फोन लावला. तिनं उचलला. सगळं सांगितलं तिनं. कुणी काय घातलं होतं तेसुद्धा." त्यानं एक चिप उचलली आणि तशीच ठेवली. "मग मी मॅच बघितली की तिला सांगायचो. तिच्या माणसांची असली तरी सांगायचो. खोटं नाही बोललो. हरलो तर हरलो म्हणून सांगितलं."

 बेरिलनं पर्समधून रुमाल काढला, आणि मसाल्यानं डोळे चुरचुरतात म्हणाली.

नीलला अजून पटत नव्हतं. "पण बाबा, एवढं सगळं कशाला? मी टॅबलेट दिला होता की. प्लगला न लावता नुसत्या बॅटरीवर बघितलं तर घरचंच लायसन चालतं, कुठंही. मग अटही नाही. ती घरी बघत असताना तूही इथं बघितलं असतंस. कायद्यात आहे तसं."

"ठाऊक आहे," क्लिफर्ड म्हणाला.

"कधीपासून?"

"मे महिन्यापासून. साइटवाल्यानंच सांगितलं."

"मग?"

"चार्जर सापडेना."

गेनॉरनं पिशवीतलं पांघरूण उलगडलं आणि डबा टेबलावर ठेवला. कागद न फाडलेला. चार्जर आत, जिथं कारखान्यानं घातला होता तिथंच.

नील त्या डब्याकडं बघत राहिला. त्याला वाईट वाटलं का आणखी काही, ते त्यालाच कळेना. बेरिल मात्र भावाकडं अशी बघत होती, जशी तो लहान असताना जॅम चोरून खाऊन भिंतीला टेकून उभा राहायचा तेव्हा बघत असेल.

"जा आणि सांग तिला," गेनॉर म्हणाली.

"काय सांगू?"

 गेनॉरनं डबा उचलला आणि ती गाडीकडं गेली.

नॉर्मा पट्टा लावून बसली होती. थर्मासचं झाकण उघडं, चहा ओतलेला नाही. गेनॉर शेजारी बसली आणि डबा तिच्या मांडीवर ठेवला. नॉर्मानं तो उलटा केला, सुलटा केला. कागदावरून नख फिरवलं.

"ह्याच्यावर त्याला कधीही बघता आलं असतं," गेनॉर म्हणाली. "तू बघत असताना सुद्धा. अट नाही, रिंग नाही. आणि त्याला हे ठाऊक होतं, आई. मे महिन्यापासून."

नॉर्मानं थर्मासचं झाकण फिरवून घट्ट लावलं.

"मला एप्रिलपासून ठाऊक आहे," ती म्हणाली. "केस कापणारीनं सांगितलं."

 तेवढ्यात डॅशबोर्डवरचा नॉर्माचा फोन वाजला. एक. दोन. बंद.

दोघींनी वर बघितलं. कॅराव्हॅनच्या पायरीशेजारी क्लिफर्ड पालथ्या बादलीवर उभा होता, कानाला फोन, टाईसारखा मफलर वाऱ्यानं खांद्यावरून मागं उडतोय. गाडीपासून हाक मारली तरी ऐकू जाईल इतका जवळ. त्याच्या मागं खिडकीला नाक लावून बेरिल, तिच्या डोक्यावरून नील.

"पडेल तो," नॉर्मा म्हणाली.

फोन पुन्हा वाजला. ह्या खेपेला दोनवर थांबला नाही. नॉर्मानं उचलला, आणि नेहमीसारखा कानापासून हातभर लांब धरून मोठ्या आवाजावर टाकला, कारण फोन कानाला लावला की कान तापतो असं तिचं मत होतं.

"बोल."

"मी मागितली नाही किल्ली."

"कळलं."

"बेरिलकडं पण नाही जाणार. ती संध्याकाळभर पडदे लावून बसते, रस्त्यावर पांढरी गाडी दिसली की लायसन तपासणारे आले म्हणून टीव्ही बंद करते. आता फुकट आहे तरी करते."

"ठाऊक आहे."

वारा आला. क्लिफर्ड बादलीवर जरा हलला. नॉर्माचा हात दाराच्या कडीकडं गेला आणि परत आला.

"साइट बंद होतेय," तो म्हणाला.

"होय."

"मग."

"मग काय?"

 गेनॉरला वाटलं आता म्हणेल. पण म्हातारा नुसता उभा. आणि मग तिची आईच बोलली.

"घरी येऊन काय करायचं, क्लिफ? तू सोफ्यावर बसशील. मी शेजारी बसेन. दोघं तोंड पुढं करून. तू जे बघितलंस तेच मी बघितलेलं. मग तू मला सांगणार काय? एकोणपन्नास वर्षं शेजारी बसलास, एका शब्दानं कधी काही सांगितलं नाहीस. ह्या उन्हाळ्यात बोललास तितका साऱ्या जन्मात बोलला नाहीस. मला ते नको आता परत. ते सोफ्यावरचं."

फोनमधून नुसता वारा येत होता. गेनॉर मागच्या रिकाम्या सीटकडं बघत होती. ह्याचा तिनं विचारच केला नव्हता. तिला वाटत होतं माणूस घरी आला की संपलं.

"स्वयंपाकघराला दार आहे," क्लिफर्ड म्हणाला.

"काय?"

"दार आहे म्हटलं. मधल्या भिंतीला. तुझी मालिका लागली की मी आत जाईन, दार लावून घेईन. मॅच लागली की तू आत. संपलं की सांगायचं. अट तीच ठेवू. एका वेळी एकानंच."

"घरात?"

"घरात."

नॉर्मानं फोन आणखी लांब धरला आणि त्याच्याकडं बघितलं. फोनकडं नाही, समोर, बादलीवरच्या माणसाकडं.

नीलला खिडकीतून ऐकू येत होतं. त्याला राहवेना. तो धावत आला आणि गाडीची काच वाजवली. नॉर्मानं काच बोटभर खाली केली.

"आई, हे बघ, तसं करायची काहीएक गरज नाही. एका घरात एकच लायसन, मग कितीही माणसं, कितीही टीव्ही, एकाच वेळी..."

"नील."

"काय?"

"चिप्स गार होतायत तुझ्या."

काच वर गेली. नॉर्मा परत फोनमध्ये बोलली. "आणि ओव्हनमध्ये काही असलं तर?"

"बघेन."

"बघेन म्हणजे?"

"मॅच चालू असली तर स्वयंपाकघरात तूच असशील की. मी कुठून बघणार?"

ह्यावर मात्र नॉर्मा हसली. थर्मासवर कपाळ टेकवून, खांदे हलेपर्यंत हसली. बादलीवरच्या माणसाला वाटलं ती रडतेय, म्हणून तो घाईनं उतरायला गेला आणि बादली घरंगळत कड्याच्या दिशेनं निघाली. नील तिच्या मागं पळाला. त्या दिवशी नीलच्या हातून झालेलं सगळ्यात उपयोगाचं काम तेच.

"गार पाणी राहिलंय," क्लिफर्ड म्हणाला. अजून फोनवरच.

"आले," नॉर्मा म्हणाली, आणि पट्टा सोडला.

त्यांनी गार पाणी उतरवलं. दोनदा, तीनदा. संडासात न गोठणारं गुलाबी औषध ओतलं, गाद्या उभ्या केल्या, ओलावा ओढायला मिठाचे वाडगे ठेवले, फ्रिजचं दार उघडं ठेवून त्यात चप्पल अडकवली. बेरिलनं परत येताना मागच्या सीटवर दोघांच्या मधोमध बसायचा हट्ट धरला, कारण भाऊ राहायला येत नाही तर निदान वाटेत सोबत तरी हवी म्हणाली. नीलनं किल्ली खिशात घातली. फीत सोडून त्यानं आईला दिली, आणि तिनं ती थर्मासला बांधली.

नोव्हेंबरच्या शेवटी शनिवारी गेनॉर दुपारची घरी गेली. मागच्या दारानं. स्वयंपाकघरात नॉर्मा एकटी, मधल्या दाराकडं पाठ करून बटाटे सोलत होती. दार घट्ट लावलेलं, खाली पायपुसणं सरकवून फट बुजवलेली. पलीकडून गर्दीचा आरडाओरडा येत होता.

"आई, बाहेरच्या खोलीत किती गरम आहे. जाऊन बस ना त्याच्याजवळ."

"माझी पाळी नाही."

"बघणार तरी कोण आहे?"

"बटाटे घे," नॉर्मा म्हणाली, "आणि ऐकू नकोस. कळलं तर मला सांगून टाकशील."

गेनॉरनं सोलायला घेतलं. पलीकडं काहीतरी जोरात झालं, क्लिफर्ड काहीतरी ओरडला. नॉर्मानं सोलणं थांबवलं, पण मान वळवली नाही. मग गर्दीचा आवाज तुटला. भिंतीवर ठोक, ठोक, ठोक.

नॉर्मानं हात पुसले, गॅसवर केटली ठेवली, समोरची खुर्ची ओढली. दार उघडून क्लिफर्ड आत आला, कानापर्यंत लाल, केस उभे, आणि तोंड असं घट्ट मिटलेलं की आतलं सांडेल म्हणून धरलंय.

"हं, सांग," नॉर्मा म्हणाली. "आणि शेवटची दोन मिनिटं गाळू नकोस."